पाच व्होल्ट कुठेच नसतात

“मावशी, बघ, हा परत दचकला.”

रोबो टेबलावर होता आणि मी शेजारच्या खुर्चीत वाचत बसले होते. भाचीनं स्वतः जुळवलेला रोबो. दोन खांदे, दोन कोपरं, असे चार सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी, मधे कंट्रोलर बोर्ड, आणि पोटाशी टेपनं चिकटवलेलं ते ओळखीचं निळं मॉड्यूल, तीन सेलच्या बॅटरीचे साधारण १२ व्होल्ट उतरवून ५ करणारं. एकेक हात हलवला तर सगळं सुरळीत. पण दोन्ही हात एकदम वर न्यायला सांगितलं, की अर्ध्यात त्याच्या अंगातून एक बारीक झटका जायचा, हात लुळे पडायचे आणि क्षणभरानं तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. तान्हं मूल झोपेत दचकतं आणि पुन्हा झोपी जातं, अगदी तसं. दचकणं हा शब्द तिचा. मी रीसेट म्हटलं असतं. रीसेट म्हटलं की डोकं लगेच कारणांच्या यादीकडे धावतं. दचकणं म्हटलं की आधी वाटतं, याला कशाची तरी भीती वाटलीय.

मी उठून मल्टिमीटर आणला. काळं टोक ग्राउंडला, लाल टोक मॉड्यूलच्या आउटपुटला. आकडा आला ५.०२. तिला म्हटलं, पुन्हा हात वर कर. रोबो दचकला. मीटरवरचा आकडा जेमतेम ४.९७ पर्यंत लवला आणि परत ५.०२ वर येऊन बसला. “सप्लाय व्यवस्थित आहे,” मी म्हणाले, “तुझ्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी असणार. नीट शोध.” आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

ती बारा वर्षांची आहे. मावशी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, मावशीच्या हातात मीटर, मीटरवर आकडा. तिनं वाद घातला नाही. चार संध्याकाळी ती प्रोग्रॅमच्या एकेका ओळीवर बसली. चौथ्या दिवशी तिनं वही माझ्यासमोर ठेवली. डाव्या बाजूला प्रत्येक फंक्शनचं नाव, उजव्या बाजूला बरोबरची खूण, काही ठिकाणी दोन खुणा, म्हणजे दोनदा तपासलेलं. आणि पानाच्या तळाशी एक ओळ: ‘मला चूक सापडत नाही.’

चूक नाही, असं तिनं लिहिलं नव्हतं.

ती ओळ मला अजून टोचते. चूक आहेच, ती आपल्याकडेच आहे, फक्त आपल्याला दिसत नाही, हे तिनं धरून चालायला कारण झाला तो माझा ५.०२. तो आकडा खोटा नव्हता. मीटरही चांगला होता. मग मी त्या मुलीला चार दिवस चुकीच्या खोलीत का शोधायला लावलं, याचा विचार करताना मला माझी स्वतःची सुरुवात आठवली, आणि ती सुरुवात म्हणजे भाजलेलं बोट.

माझा पहिला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारी चिप, ७८०५. तीन पाय, पाठीला भोकाचा पत्रा, डावीकडून आत, मधला ग्राउंड, उजवीकडून बाहेर. ज्यानं कधी एखादं सर्किट जुळवलंय त्याच्या बोटांना हा क्रम पाठ असतो. कॉलेजात आम्ही रेषेवरून चालणारी गाडी केली होती, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. गाडी तीन-चार मिनिटं छान चालायची आणि मग उभी राहायची. थोडा वेळ थांबलं की आपोआप पुन्हा निघायची. आम्ही म्हणायचो, दमली बिचारी. ती खरंच दमत होती, हे मला त्या पत्र्यावर बोट टेकवल्यावर कळलं. बोटाच्या पेराला लगेच पांढरा फोड आला. सरांनी बघितलं, आपलं बोट ओठांवर ओलं करून त्या पत्र्याला निसटतं लावलं. चर्र झालं. “हा नियंत्रक नाही गं,” ते म्हणाले, “ही शेगडी आहे. फक्त शेगडीच्या एका बाजूनं पाच व्होल्ट बाहेर येतात.”

पुढे हिशेब करून बघितला तेव्हा त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. ७८०५ हा जास्तीचे ७ व्होल्ट कुठे साठवत नाही की परत करत नाही, उष्णता करून टाकून देतो. १ अँपिअर घेतला तर ५ वॅट कामाला आणि ७ वॅट हवेत. म्हणजे बॅटरीतल्या शंभर भागांतले बेचाळीस पोचतात, बाकीचे वाटेत जळतात. हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा, लावला नाही तर दर वॅटमागे तो पन्नास-साठ अंशांनी तापतो, त्यामुळे ७ वॅट ही गोष्ट त्याला झेपणारीच नाही. आतला सिलिकॉनचा तुकडा १५० अंशांच्या आसपास पोचला की तो स्वतःला बंद करून घेतो, निवला की पुन्हा सुरू होतो. आमची गाडी थांबायची ती याचमुळे. त्याला मोडण्यापेक्षा थांबणं शिकवलेलं होतं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्याविषयी मला आजही आदर वाटतो.

त्यातला एक बॉब विडलर. त्यानं केलेली एलएम१०९ ही चिप ७८०५ च्या आधीची, तिचेही ५ व्होल्टच, कारण त्या काळच्या लॉजिक चिप्सना ५ लागायचे. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर तापणारा मोठा ट्रान्झिस्टर आणि शेजारी न हलणारी मोजपट्टी बसवणं म्हणजे भट्टीच्या कडेला लंबक टांगण्यासारखं. त्यावरची त्याची युक्ती मला अजून सुंदर वाटते. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमधलं व्होल्टेज तापमानाबरोबर उतरतं, अंशामागे साधारण २ मिलिव्होल्ट. दोन ट्रान्झिस्टरांतून वेगवेगळ्या घनतेचा प्रवाह सोडला, तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक तापमानाबरोबर चढतो. उतरणारं आणि चढणारं योग्य प्रमाणात एकत्र केलं की बेरीज जवळपास हलत नाही, आणि ती बेरीज साधारण १.२ व्होल्ट येते. हा आकडा कोणी ठरवलेला नाही, तो सिलिकॉनच्या पोटातून आलेला आहे. भाचीच्या रोबोवरच्या निळ्या मॉड्यूलवर एलएम२५९६ ही चिप असते, तिच्या माहितीपत्रकात संदर्भ-व्होल्टेज १.२३ लिहिलेलं असतं, ते याच घराण्यातलं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी बराच वेळ त्या चिपकडे बघत बसले होते. न हलणारी कुठलीही गोष्ट न वापरता, दोन हलणाऱ्या गोष्टींतून कोणीतरी स्थिर गोष्ट काढली होती.

बक कन्व्हर्टर, म्हणजे त्या निळ्या मॉड्यूलच्या जातीचं सर्किट, माझ्या आयुष्यात उशिरा आला आणि आल्यावर मला त्याचा भरवसाच वाटेना. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, २ अँपिअरचा लोड, आणि चिप फक्त कोमट. बॅटरीकडून जाणारा प्रवाह मोजला तर जेमतेम १ अँपिअर. आत एक आणि बाहेर दोन! मीटर उलटासुलटा लावून बघितला. मग वॅटमध्ये मांडलं: बाहेर १० वॅट, आत १२ च्या आसपास. म्हणजे काही चोरी नव्हती, फक्त जाळणं थांबलं होतं. ७८०५ मध्ये जेवढे अँपिअर बाहेर तेवढेच आत, हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की जास्तीचे व्होल्ट मोडून जास्तीचे अँपिअर करून घेता येतात हे डोळ्यांनी दिसूनही मनाला पटायला दोन दिवस गेले.

ते पटलं कुंभाराच्या चाकामुळे. कुंभार चाकाच्या खाचेत काठी घालून दोन-चार जोराचे हिसडे देतो आणि काठी बाजूला ठेवतो. चाक फिरत राहतं. वेग उतरायला लागला की पुन्हा काठी. हात सतत चाकावर नसतो, पण मातीला वेग जाणवतो तो सलग. बक कन्व्हर्टरमध्ये कॉइल हे ते चाक. आतला स्विच बॅटरीला क्षणभर कॉइलशी जोडतो, प्रवाह चढतो. स्विच तुटतो, पण कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो, तो शेजारच्या, एकाच दिशेनं प्रवाह जाऊ देणाऱ्या डायोडमधून वाट काढून त्याच दिशेनं वाहत राहतो आणि हळूहळू उतरतो. पुन्हा स्विच. एलएम२५९६ हे सेकंदाला दीड लाख वेळा करते. १२ चे ५ करायचे तर प्रत्येक फेरीतल्या साधारण ६.७ मायक्रोसेकंदांपैकी पावणेतीन-तीन मायक्रोसेकंद काठी चाकात, बाकीचा वेळ हात मोकळा. पाच भागिले बारा, एवढंच ते प्रमाण. लोड वाढला, बॅटरी उतरली, तर चिप हे प्रमाण बदलते, वेग तोच ठेवते.

स्विच आणि कॉइल यांच्या सांध्यावर स्कोपचा, म्हणजे व्होल्टेजची चाल क्षणोक्षणी पडद्यावर काढणाऱ्या यंत्राचा, प्रोब टेकवला तर हे सगळं उघड दिसतं. पडद्यावर चौकोनी लाट. वर १२, खाली शून्याच्याही किंचित खाली, डायोडमुळे. वर, खाली, वर, खाली. त्या सांध्यावर पाच व्होल्ट कधीच नसतात. एक क्षणही नसतात, चढता-उतरता ओलांडून जाण्यापुरते सोडले तर. पाच हे बारा आणि शून्य यांच्या मधलं काहीतरी आहे, जे कॉइल आणि कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा भाग, मिळून जमवतात, आणि मग आपण त्याला सप्लाय म्हणतो.

मीटरही तेच करतो. सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा बदलतो, आणि मधल्या सगळ्या काळाची सरासरी काढून दाखवतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच त्या वहीतली ओळ जास्त लागली. माहीत असलेली गोष्ट आपण कोणत्या क्षणी विसरतो, याचाच मी विचार करत राहिले. माझ्या मते ती मी आकडा छान आला म्हणून विसरले. ४.६ दिसले असते तर मी चौकशी केली असती. ५.०२ म्हणजे दशांशाच्या दोन घरांपर्यंत सांगणारा आकडा. इतका नेमका आकडा समोर असला की त्यापलीकडे विचारावंसं वाटत नाही.

खरं तर या निळ्या मॉड्यूलनं मला आधी एकदा चांगलाच धडा दिला होता. त्यावर पितळी डोक्याचा एक छोटा चौकोनी प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, असतो. नवं मॉड्यूल आणलं की तो डावीकडे फिरवत राहायचं. कितीतरी वेळ काहीच होत नाही, आउटपुट इनपुटच्याच आसपास रेंगाळतं, नवखा माणूस ते बिघडलेलं समजून बाजूला टाकतो. आणि मग एकदम व्होल्टेज उतरायला लागतं. ५ वर आणून सोडायचं, वाटलं तर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. मी एका चालत्या गाडीवर असंच ५ लावून ठेवलं होतं, थेंब न टाकता. काही महिने गाडी खडबडीत जमिनीवर धावली. एक दिवस चालता चालता एक बारीक टक् आवाज आला आणि तो वास आला. ज्यांनी तो घेतलाय त्यांना वर्णन नको, आणि बाकीच्यांना करून सांगता येणार नाही. कंट्रोलर गेला, दोन सेन्सर गेले, एक सर्व्हो थरथरत एका बाजूला जाऊन अडकला तो अडकलाच.

मॉड्यूल घेऊन बसले तेव्हा कळलं. चिप आपल्या आउटपुटचा एक हिस्सा परत मागवते आणि आपल्या १.२३ शी ताडून बघते. तो हिस्सा ठरवणारे रेझिस्टर दोन. खालचा ग्राउंडकडे, माझ्या मॉड्यूलवर ३३० ओहमचा. वरचा आउटपुटकडून येणारा, तोच तो फिरवायचा प्रीसेट. धक्क्यांनी प्रीसेटच्या आतलं सरकतं टोक क्षणभर उचललं गेलं आणि वरची वाट तुटली. चिपकडे परत येणारा आवाजच बंद झाला. तिला वाटलं, आउटपुट शून्यावर आलंय. तिनं जीव तोडून चढवायला घेतलं, स्विच बंद करणं सोडून दिलं, आणि बॅटरीचे पूर्ण १२ व्होल्ट पुढे गेले. चिपची काही चूक नव्हती. तिला जे ऐकू आलं त्यावर तिनं योग्य तेच केलं.

तेव्हापासून मी एकदा व्होल्टेज पक्कं ठरलं की प्रीसेट काढून टाकते आणि तिथे साधा रेझिस्टर बसवते. ३३० च्या जोडीला १ किलोओहम घातला की गणित असं येतं: १.२३ गुणिले चार पूर्णांक तीन शतांश, म्हणजे ४.९६. पाचाला चार शतांश कमी, कोणाची तक्रार नाही. तीन जाड पाय, प्रत्येकावर गरम टोक टेकवून शिसं ओढून घ्यायचं, प्रीसेट हलकेच डोलवत उपटायचा, मग १ किलोओहमचे दोन पाय वाकवून त्याच भोकांत. सोल्डर वितळून भोकाच्या कडेनं गोल चढतं आणि चकाकतं, तेव्हा मला जे समाधान मिळतं ते लिहून सांगणं अवघड आहे. आता ते फिरणार नाही. कोणी फिरवू शकणार नाही, खड्डाही नाही.

भाचीच्या मॉड्यूलवर मी हे केलं होतं. म्हणूनही असेल, मी इतकी निःशंक होते. आउटपुट वर जाण्याची वाट बंद केली होती. ते खालीही जाऊ शकतं, याचा विचार त्या संध्याकाळी माझ्या मनात आला नाही.

पाचव्या दिवशी मी स्कोप काढला. तिला बोलावलं, म्हटलं, “तुझ्या प्रोग्रॅमबद्दल मी बोलले ते बघितल्याशिवाय बोलले. आज बघू या.” ती काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली. आधी तिला चौकोनी लाट दाखवली. तिला ती फार आवडली. “म्हणजे पाच व्होल्ट कुठेच नाहीत?” तिनं विचारलं. मग प्रोब आउटपुटवर नेला, तर जाड रेषेवर कुसळांसारखी टोकं उभी. ती घाबरली. तिला सांगितलं, यातली बरीचशी प्रोबच्या या लांब ग्राउंड वायरची करामत आहे, ती वेटोळं करून शेजारच्या स्विचचा आवाज उचलते. क्लिप काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावली, कपॅसिटरच्या अगदी दोन पायांवर टेकवली, आणि कुसळं बसली. ती जरा वेळ स्प्रिंग आणि क्लिप आलटून पालटून लावत बसली. मी घाई केली नाही.

मग स्कोपचा ट्रिगर, म्हणजे चित्र कधी पकडायचं ती खूण, ४ व्होल्टवर ठेवला, उतरत्या कडेला, एकदाच पकडायचा. प्रोब कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनवर. रोबोनं हात उचलायला घेतले, दचकला, आणि पडद्यावर चित्र थिजलं.

सपाट रेषा, मग कडा, मग खड्डा. खड्ड्याचा तळ २.४ व्होल्ट. रुंदी ९ मिलिसेकंद. मग परत चढ आणि सपाट रेषा, जणू काही झालंच नव्हतं. तिच्या बोर्डवरचा कंट्रोलर २.७ च्या खाली गेला की काम सोडून पहिल्यापासून सुरू होतो, ते त्याच्या भल्यासाठीच केलेलं असतं, अर्धवट व्होल्टेजवर भलतंसलतं करण्यापेक्षा थांबलेलं बरं. तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळ बेशुद्ध पडत होता. आणि मीटर त्या ९ मिलिसेकंदांना अलीकडच्या-पलीकडच्या चारशे मिलिसेकंदांत मिसळून ४.९७ सांगत होता. तो लवलेला आकडा मी त्या दिवशी बघितला होता. पाच शतांश! मीच त्याला क्षुल्लक ठरवलं होतं.

कारण उघड होतं. तिचे सर्व्हो धातूच्या गियरचे, ताकदीचे. थांबलेल्या जागेवरून निघताना एकेकजण क्षणभर दोन-अडीच अँपिअर मागतो. चौघं एकाच ओळीत एकदम निघाले की ८ ते १० अँपिअर. मॉड्यूल ३ अँपिअरचं, आणि हीटसिंक नसताना दोनाच्या वर गेलं की तेही हाताला चटका द्यायला लागतं. मर्यादा ओलांडली की चिप प्रवाह अडवते, व्होल्टेज खाली बसतं. त्यात ब्रेडबोर्डच्या केसासारख्या जंपर वायर. तारेलाही तिचा ओहम असतो, आणि ४-५ अँपिअर गेले की त्या दशांशाच्या ओहमात अर्धा व्होल्ट सहज हरवतो.

ती म्हणाली, “मोठा कपॅसिटर लावू या का? सगळे हजार मायक्रोफॅरडचा लावतात.” मी हो म्हणणारच होते, पण त्या दिवशी मी काहीच न बघता म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. कागदावर मांडलं. ५ अँपिअर कमी पडत असतील आणि १ व्होल्टपर्यंत घसरण चालणार असेल, तर १००० मायक्रोफॅरड पुरतो ०.२ मिलिसेकंद. आपला खड्डा ९ मिलिसेकंदांचा. त्याला ४५,००० मायक्रोफॅरड हवा. ती हसली, तेवढा कपॅसिटर रोबोच्या डोक्यापेक्षा मोठा झाला असता. हजाराचा कपॅसिटर निरुपयोगी नाही, सर्व्होच्या मुळाशी तो बारीक धक्के खातो, आम्ही तो लावलाही. पण ज्याला दुसऱ्याच जागी उपचार हवाय त्याला तो पुरत नाही.

मग आम्ही दोन घरं वेगळी केली. कंट्रोलरसाठी एमपी१५८४ या दुसऱ्या बक चिपचं नखाएवढं मॉड्यूल, त्याच्यावर फक्त कंट्रोलर आणि सेन्सर. सर्व्होंसाठी जास्त अँपिअरचा रेग्युलेटर, जाड तारा, आणि दोन्हींचा ग्राउंड बॅटरीच्या टोकाशी एकच. शिवाय तिनं आपणहून प्रोग्रॅममध्ये एक बदल केला: आधी खांदे निघतात, १५० मिलिसेकंदांनी कोपरं. माणूसही जड वस्तू उचलताना असंच करतो, ती म्हणाली, आणि उठून मला खुर्ची उचलून दाखवली.

बॅटरी जोडताना ठिणगी उडाली तेव्हा मी तिचा हात धरला आणि इनपुटलाही एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावायला लावला. अशा छोट्या मॉड्यूलवर आत चकत्यांसारखे सिरॅमिक कपॅसिटर असतात. लांब तारांतून त्यांना एकदम बॅटरी जोडली की तार आणि कपॅसिटर मिळून झोका घेतात, आणि तो झोका बॅटरीच्या जवळपास दुप्पट उंच जाऊ शकतो. तीन सेलची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६, दुप्पट २५, त्या चिपची मर्यादा २८. वाचते, पण काठावर. चार सेलची लावली असती तर १६.८ चे ३३.६, आणि चिप पहिल्याच जोडणीला गेली असती. मी दोन अशा चिप घालवल्या आहेत, हे कळायच्या आधी. साधा, थोडा सुस्त इलेक्ट्रोलिटिक शेजारी असला की झोका चढतच नाही. त्याचा आतला रोध, ज्याला एरवी सगळे नावं ठेवतात, तोच इथे ब्रेकचं काम करतो.

त्या रात्री तिनं आणखी एक विचारलं. बॅटरी उतरत जाते तसतसा हा तिच्याकडून कमी घेतो का? मी म्हटलं, नाही, जास्त घेतो. बाहेर १० वॅट द्यायचेच आहेत, तर १२.६ ला साधारण ०.९३ अँपिअर पुरतात, ९.९ ला १.१९ लागतात. ७८०५ सारखेच घेत राहिला असता. तिला हे अजिबात आवडलं नाही. “म्हणजे ती दमली की हा तिला जास्त ओढतो?” मी त्यावर बचाव शोधत होते, कार्यक्षमता वगैरे. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. बाहेरचं ५ हलू न देण्याची सगळी किंमत आतली बॅटरी मोजते, शेवटी शेवटी तर फार वेगानं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही, बाहेर ५ च असतात. म्हणून सेलमागे ३.३ च्या खाली गेलं की सगळं बंद करणारी ओळ तिनं प्रोग्रॅममध्ये घातली. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला दोन रेझिस्टरही तिनंच निवडले.

दुसऱ्या दिवशी रोबोनं दोन्ही हातांनी रिकामा डबा उचलला, वर धरला आणि खाली ठेवला. वीस वेळा. दचकला नाही. सवयीनं माझा हात मल्टिमीटरकडे गेला, तर ती म्हणाली, “थांब मावशी, स्कोप लाव.” लावला. ५ व्होल्टच्या रेषेवर खांदे निघताना एक बारीक लव, दीडशे मिलिसेकंदांनी दुसरी. दोन्ही ४.९ च्या वर.

ती जेवायला गेल्यावर मी तिची वही उघडली. त्या ओळीखाली काहीतरी लिहावं असं दोन दिवस मनात होतं, काय लिहावं ते ठरत नव्हतं. पान आधीच भरलेलं होतं. ‘मला चूक सापडत नाही’ याच्या खाली तिनं पेन्सिलीनं पट्टी धरून स्कोपची जाळी आखली होती, आणि तिच्यात चौकटी मोजून तो खड्डा काढला होता. कडा, तळ, चढ. रुंदीला ९. तळाशी २.४. वरची ओळ तिनं खोडली नव्हती.